फ्लश ओढूनही मैला जात नाही

प्रश्न : पावसाळा लागला की आमच्या संडासात फ्लश ओढूनही मैला जात नाही. काय करावं?
– एक वाचक, बोर्ली पंचतन (ता. श्रीवर्धन)

उत्तर : आधी भांड्यात बादलीभर पाणी जोरात ओता. झटकन गेलं, तर फ्लशच्या टाकीत पाणी कमी भरतंय. फ्लोट थोडा वर करा. पाणी भांड्यात चढून राहिलं, तर रबरी पंपाने दाब द्या. तरीही तुंबलेलंच आणि त्रास फक्त पावसाळ्यात, म्हणजे माझा संशय शोषखड्ड्यावर. किनारपट्टीला भूजल वर येतं, खड्डा पाणी शोषत नाही. दोन खड्डे असतील तर चेंबरमधली वाट दुसऱ्याकडे वळवा. अ‍ॅसिड ओतू नका, मैला कुजवणारे जिवाणू मरतात. सेप्टिक टँक असेल तर उपसा करणारी गाडीच बोलवा. आत विषारी वायू असतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कृपया कुणालाही आत उतरवू नका.