शेताला हात लावण्याआधी

वाचकांचे प्रश्न : शिक्षण, पैसा आणि कायदा

या वेळचे प्रश्न कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याहून आणि आसपासच्या गावांतून आले आहेत. केळी आणि हळदीचा हा पट्टा. पदवी झाली की इथली बरीच मुलं पुढच्या शिक्षणासाठी नांदेड गाठतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे शेत येतंच: गहाण टाकायचं का, तारण द्यायचं का, विकायचं का. म्हणून सगळ्या उत्तरांत मी एकच क्रम धरला आहे. परत फेडावा लागत नाही तो पैसा आधी, कर्ज त्यानंतर, आणि शेताला हात लावायचाच नाही. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न १ : सर, माझं बी.एस्सी. झालं, नांदेडच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागला आहे. धाकटी बहीण बी.फार्मसीला जाणार आहे. घरी तीन एकर जमीन. वडील म्हणतात, एक एकर गहाण टाकू. शिष्यवृत्तीवर दोघांचं भागेल का?

उत्तर : वडिलांना थोडं थांबायला सांगा. आधी बहिणीचं पाहू, कारण मोठी सवलत तिथे आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. यातली मोठी अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीतूनच व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी लागू नाही. ‘फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करतो’ असं कोणी म्हणालं, तर त्याचं ऐकून ही माफी गमावू नका.

आता तुमचं. विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. देशभरात १०,००० जागा, त्यांतल्या ३० टक्के मुलींसाठी. पहिल्या वर्षाला नियमित प्रवेश आणि ३० वर्षांच्या आतलं वय हवं. निवड पदवीच्या गुणांवर होते आणि अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा असतो. तुमचं पहिलंच वर्ष आहे, तेव्हा संधी आत्ताच आहे. दुसऱ्या वर्षी नव्याने अर्ज करता येणार नाही.

राहण्या-जेवण्याचा खर्च प्रवर्गानुसार वेगवेगळ्या योजनांतून निघतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नांदेडसारख्या महापालिकेच्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये मिळतात. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना असून तिची चौकशी कळमनुरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकांत बसता. मात्र आपला अभ्यासक्रम त्या योजनेच्या यादीत आहे का, ते महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर आधी पाहा.

एक इशारा. एकाच अभ्यासक्रमासाठी दोन शिष्यवृत्त्या साधारणपणे घेता येत नाहीत. अर्जासोबतच्या हमीपत्रावर तुम्ही तशी सही करता आणि नंतर उघडकीला आलं तर वसुली निघते. दोन योजनांत बसत असाल, तर जास्त रकमेची निवडा.

कागदांत बहुतेकांचं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज केल्यावर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. अर्जाची पावती जपून ठेवा. मुदत उलटली, तर त्याच पावतीवर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

प्रश्न २ : महाडीबीटीवर माझे पैसे ‘जमा’ दिसतात, पण खात्यात एक रुपया नाही. कॉलेजचे बाबू म्हणतात, बँकेत जा. बँक म्हणते, आधार लिंक आहे, कॉलेजात जा. काय करू?

उत्तर : या दोघांच्या मधे हेलपाटे घालून काही हाती लागायचं नाही. पैसा बहुधा तुमच्याच दुसऱ्या एखाद्या खात्यात पडला आहे.

सरकार ही रक्कम खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. आधार तुम्ही चार बँकांत दिलं असेल, पण सरकारी रक्कम उतरते ती एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, नोंदीत असलेल्या एकाच खात्यात. आणि सर्वांत शेवटी ज्या बँकेत ही जोडणी झाली, तीच नोंद चालू राहते. मोबाइलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि पुढे ते विसरलं जातं. शिष्यवृत्ती नेमकी तिथे जाऊन बसते.

आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. कोणत्या बँकेशी जोडणी आहे, ते तिथे दिसेल. त्या बँकेत पैसे असतील तर काढून घ्या. पुढच्या हप्त्यासाठी तुम्हाला हव्या त्या शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असा स्पष्ट उल्लेख असलेला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणालात, तर फक्त केवायसी होऊन तुम्ही परत याल. हे सगळं अर्ज भरण्यापूर्वी करायचं असतं.

प्रश्न ३ : बाहेरच्या एका नामांकित संस्थेत माझा एम.टेक.ला नंबर लागला. शैक्षणिक कर्जासाठी गेलो तर एका बँकेने ‘तुमचं गाव आमच्या कार्यक्षेत्रात नाही’ म्हणून परत पाठवलं. दुसरीने सातबारा मागितला. जमीन तारण द्यावीच लागते का?

उत्तर : दोन्ही बाबतींत नियम तुमच्या बाजूने आहेत. गाव शाखेच्या सेवा क्षेत्रात नाही एवढ्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना दिलेली आहे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घ्यायचं नाही. पुढे साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी निधीची सोय आहे, त्यात तारण आणि तिऱ्हाईत जामीनदार दोन्ही लागत नाहीत. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, एवढंच.

याशिवाय ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. एनआयआरएफ क्रमवारीवर ठरलेल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल, तर विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात आणि परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच ही सवलत असल्याने अर्ज लवकर करा. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. आपली संस्था यादीत आहे का, ते पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवर पाहा आणि अर्जही तिथूनच करा. तोंडी नकार कुठेच टिपला जात नाही, पोर्टलवरचा अर्ज मात्र नोंदीत राहतो.

तरीही नकार आला, तर कारण लेखी मागा. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

प्रश्न ४ : माझं एम.ए. झालं, लग्नही झालं. वय ३१. पीएच.डी. करायची आहे. सासरचे म्हणतात, त्यात पैसे घालायचे की मिळायचे? आणि आता वय उलटलं का?

उत्तर : वय उलटलेलं नाही. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफसाठी, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, ३० वर्षांची मर्यादा आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) हवेत. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. सासरच्यांना हे आकडे दाखवा. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ हुकली तरी पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. मात्र प्रवेशासाठी तो निकाल एक वर्षच चालतो.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत. मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी, अनुसूचित जातींसाठी पुण्याचीच बार्टी, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीसाठी नागपूरची महाज्योती. त्यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असावी लागते. म्हणून आधी नेट किंवा विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा (पेट), मग मार्गदर्शक आणि नोंदणी, आणि जाहिरात आली की लगेच अर्ज, या क्रमाने चला.

संसार सांभाळून कसं जमेल, ही काळजी तुमच्या पत्रात जाणवते. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची जादा मुदत आहे, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हा तुमचा हक्क आहे, मार्गदर्शकांनी केलेली मेहरबानी समजू नका. या नियमावलीने शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही काढून टाकली आहे. प्रबंधाच्या नावाखाली पैसे घेऊन निबंध छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न ५ : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारी कार्यालयात काम केलं. आता कायम करतील का? माझा मित्र एम.कॉम. शिकता शिकता यात जाऊ शकतो का?

उत्तर : मित्राला नाही म्हणून सांगा. ज्याचं शिक्षण चालू आहे, त्याला या योजनेत जाता येत नाही. पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन आहे. मुदत आधी सहा महिने होती, पुढे पाच महिन्यांनी वाढवली. मात्र या प्रशिक्षणातून कायम नोकरीचा हक्क उभा राहत नाही. तुमच्या मनात काय कालवाकालव होत असेल, ते कळतं. अकरा महिने टेबल सांभाळल्यावर ‘आता उद्यापासून येऊ नका’ ऐकणं जड जातं. पण कायद्याचा आधार नसलेल्या आशेवर पुढची दोन वर्षं घालवू नका. अनुभवाचं प्रमाणपत्र हातात घ्या आणि पुढचा अर्ज करा.

खासगी उद्योगांतली शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याने चालते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांनाही खुली झाली. कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. म्हणून सही करण्याआधी करारात ‘प्रशिक्षणानंतर नियुक्ती’ असं कलम आहे का, ते शोधा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या, म्हणजे नॅट्सच्या, पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातही डोळे उघडे ठेवा. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहत आहे आणि औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या कामात पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक घेतलेल्यांनी या संस्थांच्या भरतीच्या जाहिराती नियमित पाहाव्यात.

प्रश्न ६ : मी शेतकरी. मुलगा एम.ए., सेट पास, तासिका तत्त्वावर शिकवतो. एका अनुदानित संस्थेत कायम जागा निघणार आहे. मधला माणूस मोठी रक्कम मागतो. दीड एकर विकली तर जमेल. पोराचं आयुष्य मार्गी लागेल. विकू का?

उत्तर : काका, विकू नका. पोटतिडकीने सांगतो.

कायदा काय म्हणतो ते आधी ऐका. नोकरीसाठी पैसे देण्याचा व्यवहार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार बेकायदा उद्देशाचा, म्हणून रद्दबातल. जागा मिळाली नाही तर ‘ठरल्याप्रमाणे पैसे परत द्या’ म्हणून तुम्हाला दिवाणी दावा लावता येणार नाही. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होऊ शकते, पण तुम्ही पैसे कशासाठी दिले, हा प्रश्न तिथेही पहिला येतो.

दुसरं. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकांत मोडतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सुटका एवढीच की जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करायची. म्हणजे जमीन तुमची जाणार आणि गुन्हाही तुमच्याच अंगावर येणार.

तिसरं, अनुभवाचं. भरती लांबते, आरक्षणाची बिंदुनामावली बदलते, कोणी न्यायालयात जातं, मंजुरी अडकते. मधला माणूस दर खेपेला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. गेलेलं शेत मात्र परत येत नाही. मुलाने सेट स्वतःच्या अभ्यासावर काढली आहे, त्याच्या या कष्टाला पैशाचा डाग लावू नका.

आता करायचं असं. त्या माणसाचं बोलणं, तारीख, मागितलेली रक्कम वहीत लिहून ठेवा आणि पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. मुलाला नेटची जेआरएफ, पीएच.डी. नोंदणी आणि वर दिलेल्या अधिछात्रवृत्त्या या मार्गाला लावा. अधिछात्रवृत्ती मिळाली तर तासिकांच्या तुटपुंज्या मानधनापेक्षा जास्त पैसा दरमहा हक्काने येईल. विद्यापीठं आणि महाविद्यालयांच्या जाहिरातींना तो रीतसर अर्ज करत राहू दे, आणि लोकसेवा आयोगाची जाहिरात आली की तीही भरू दे. तोपर्यंत त्या दीड एकरात नेहमीसारखी हळद लावा.