कळणे आणि येणे



"सर, वर्गात सारे कळते, पण पेपर हाती आला की काही येत नाही." गणिताविषयीची ही तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. आम्ही भाषा शिकविणारे, कलाशाखेचे पदवीधर. गणिताच्या अभ्यासावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे तुम्ही विचाराल. अधिकार एवढाच की, विद्यार्थिदशेत हीच तक्रार आमचीही होती. फळ्यावरील उदाहरणाची प्रत्येक पायरी आम्हांस पटे. परीक्षेत मात्र पहिलीच पायरी सुचत नसे. आपल्या डोक्यात गणितच नाही, असे ठरवून आम्ही त्या विषयाचा निरोप घेतला. उणीव डोक्याची नव्हती, अभ्यासाच्या रीतीची होती, हे फार उशिरा उमगले. तुम्हांला ते वेळेवर उमगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

गोमंतकातील पुष्कळ मुलांप्रमाणे आमच्याही घरी बोली कोंकणी. ग्रंथांतील मराठीशी गाठ पडली ती शाळेत. धडा वाचला की अर्थ लागत असे. परंतु पहिला निबंध लिहावयास बसलो, तो लेखणी वाक्यावाक्याला अडली. मराठी कळत होती, येत नव्हती. ती आली लिहून, चुकून आणि तांबड्या शाईच्या खुणा पुन्हा पुन्हा पाहून. गणिताचेही असेच आहे. कळणे हे दुसऱ्याच्या पायांनी चालणे होय; येणे हे स्वतःच्या.

म्हणून पहिला नियम असा : सोडविलेले उदाहरण वाचल्यावर पुस्तक मिटावे आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर प्रारंभापासून सोडवावे. अडल्यास लगेच उत्तर पाहू नये. काय दिले आहे, काय काढावयाचे आहे, आकृती काढता येईल का, असे स्वतःस विचारावे. दहा मिनिटे झुंजूनही वाट न सापडली, तर पुस्तकातील एकच पायरी पाहावी व पुस्तक पुन्हा मिटावे.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणसंग्रह प्रकरणाच्या नावाखाली असतो. त्यामुळे कोणती रीत वापरावयाची, हे मथळाच सांगून टाकतो. प्रश्नपत्रिकेत तो मथळा नसतो. पुढील दोन प्रश्न पाहा. 'दोन संख्यांची बेरीज १२ व वजाबाकी २ आहे. त्या संख्या काढा.' 'दोन संख्यांची बेरीज १२ व गुणाकार ३५ आहे. त्या संख्या काढा.' दोहोंचे उत्तर ७ व ५ हेच आहे. परंतु पहिल्याला एकसामयिक समीकरणे पुरतात; दुसऱ्यात क्ष² − १२क्ष + ३५ = ० हे वर्गसमीकरण मांडावे लागते. रीत ओळखणे हेच अर्धे गणित, आणि त्याचा सराव एकाच प्रकरणाची वीस उदाहरणे ओळीने सोडवून होत नाही. यास्तव आठवड्यातून दोन दिवस निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळून सोडवावीत.

प्रारंभी ही रीत कष्टाची वाटते. २००७ साली अमेरिकेतील रोअरर व टेलर या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस घनफळाची उदाहरणे दिली. काहींना एकेका प्रकाराची ओळीने, काहींना मिसळून. सरावाच्या वेळी ओळीने सोडविणाऱ्यांची सरासरी ८९ टक्के व मिसळून सोडविणाऱ्यांची ६० टक्के भरली. आठवड्याने चाचणी घेतली, तेव्हा चित्र उलटले : ओळीने सोडविणारे २० टक्क्यांवर, तर मिसळून सोडविणारे ६३ टक्क्यांवर! सोपा गेलेला सराव पक्का असतोच असे नाही.

तिसरा नियम चुकांच्या वहीचा. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : नियम ठाऊक नव्हता, रीत चुकली, की चिन्ह वा आकडा उतरविताना हयगय झाली? 'क्ष² = ५क्ष' हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्षने भागून पुष्कळ मुले 'क्ष = ५' लिहितात व ० हे दुसरे उत्तर गमावतात. क्ष शून्य असू शकतो व शून्याने भागता येत नाही, हा विसर त्या चुकीच्या मुळाशी आहे. 'निष्काळजीपणा' एवढेच लिहून ती चूक सुधारत नाही. मूळ लिहिले तर सुधारते. चुकलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा सोडवावे. विस्मरण आरंभी सर्वांत वेगाने होते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ सालीच दाखवून दिले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण या कामी येत नाही.

शेवटी पडताळा. √(क्ष + ६) = क्ष यात दोन्ही बाजूंचा वर्ग केला की ३ व −२ अशी दोन उत्तरे येतात. मूळ समीकरणात −२ घालून पाहा : डावीकडे २, उजवीकडे −२. ते उत्तर टाकलेच पाहिजे. पडताळ्याला एक मिनिट लागते, आणि वरच्या श्रेणीतील गुण बहुधा त्या एका मिनिटावरच अवलंबून असतात.

पालकांस एक विनंती. 'आज किती गणिते केलीस?' याऐवजी 'आज कोणते गणित अडले, आणि का?' असे विचारावे. ज्या घरी चूक सांगताना मुलाला भय वाटत नाही, त्या घरी ती लवकर सुधारते.

मुलांनो, आम्ही सोडून दिलेली वाट तुमच्यापुढे अजून मोकळी आहे. 'मला गणित येत नाही' असे म्हणावेसे वाटेल, तेव्हा त्या वाक्यात 'अजून' हा एक शब्द घाला, आणि पुस्तक मिटून कोरा कागद पुढे ओढा.