ओळ चुकली की दिवस चुकतो

चि. बाळास,

महाड तालुक्यातल्या बिरवाडी, नाते, करंजाडी या मंडळांच्या पावसाचा तुझा तक्ता पाहिला. जून ते सप्टेंबर 122 ओळी, नजर घसरणारच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे महाड बुडालं त्या 22 जुलै 2021 च्या ओळीत आदल्या सकाळपासूनचा पाऊस येतो. चुकून खालच्या ओळीचा आकडा उचलला, तर सावित्री नदीच्या पुराशी पावसाचा मेळच बसणार नाही. म्हणून माउस जाईल ती ओळ उजळावी, हे तुझं अगदी बरोबर.

पण त्यासाठी प्रत्येक ओळीला माउसओव्हर आणि माउसआउट जोडलंस, ते काढ. नुसत्या रंगाला सीएसएसमधलं होव्हर पुरतं. इंटरनेट एक्स्प्लोरर 6 मध्ये ते फक्त लिंकवर चाले, म्हणून तेव्हा जावास्क्रिप्ट लागायची. 2006 साली सातवी आवृत्ती आली आणि ती अडचण संपली. जुने धडे मात्र अजून फिरताहेत.

जावास्क्रिप्ट लागेल ती पुढच्या कामाला. पावसाच्या ओळीवर गेलं की शेजारच्या नदीपातळीच्या तक्त्यातली त्याच तारखेची ओळही उजळायला हवी. त्यासाठी पावसाच्या तक्त्याच्या टीबॉडीवर एकच लिसनर लाव. माउसओव्हर आतल्या चौकटीतून वर तिथवर पोचतो आणि क्लोजेस्टने ओळ सापडते. माउसएंटर असा वर येत नाही, तो इथे नको. रंगही थेट स्टाइलमध्ये लिहू नकोस. माउस निघाला की तू ओळ पांढरी करतेस, त्यात एकाआड एक पट्टे जातात आणि 65 मिलिमीटरवरच्या अतिवृष्टीच्या दिवसांना दिलेला लाल रंगही जातो. ही चूक मला फार खुपली, कारण तेच दिवस लोक शोधणार आहेत. क्लासलिस्टने एक क्लास जोड आणि काढ. खालचा रंग शाबूत राहील.

आणि गावात हा तक्ता उघडणार मोबाईलवर, तिथे माउस कुठला? बोट लावलेली ओळ दुसरीला हात लागेपर्यंत उजळलेली राहू दे. कीबोर्डवाल्यांसाठी ओळींवर फोकस जाईल अशी सोय कर. रंग फिकट पिवळा, अक्षर काळंच.

झालं की आजोबांच्या फोनवर उघडून त्यांना 22 जुलैची ओळ शोधायला सांग. तू मध्ये बोट दाखवू नकोस. अडलीस तर रविवारी फोन कर.

तुझा,
मामा