सुकलेली रंगलेखणी व कागदावरील रंगकाम

रंगीत मार्कर सुकला म्हणजे तो मेला, असा विद्यार्थ्यांचा व पुष्कळशा पालकांचाहि समज आहे. म्हणून आकाशकंदील व नाताळचे तारे करण्याचे दिवस आले कीं जुनी पेटी केराच्या टोपलींत जाते व नवी विकत येते. ज्या घरीं एक पेटी घेणें म्हणजे दिवसभराच्या मजुरीचा प्रश्न असतो, त्या घरास हा समज फार महाग पडतो. आमच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाची पेटी घरच्या फळीवर पांच-सहा महिने पडून राहते. परत आल्यावर उघडून पाहावें तों बारापैकीं सात-आठ लेखण्या कोरड्या! अशा पेटीविषयीं आमचें म्हणणें असें कीं, तिच्यांतील रंग कोठेंहि गेलेला नसतो. गेलेलें असतें तें केवळ त्या रंगाचें वाहन.

हें नीट समजावें म्हणून वडिलांच्या-आजोबांच्या काळची दौत आठवावी. त्या काळीं शाईची पूड किंवा वडी मिळे. ती पाण्यांत विरघळविली कीं दौत भरली. मुंबईस सन १९३१ मध्यें दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं आपल्या बंधूंसह जो धंदा आरंभिला, तो अशाच पुडीचा व वड्यांचा होता, आणि त्यावर घोड्याची छाप असे. त्याच धंद्याचें पुढें ‘कॅमलिन’ झालें. पूड सुकी आहे म्हणून ती शाई नव्हे, असें तेव्हां कोणी म्हणत नसे. सुकलेला मार्कर ही अशीच एक पूड आहे. फरक इतकाच कीं ती नळींत बंद आहे, आणि तिला पाणी चालत नाहीं.

मार्करच्या पोटांत तंतूंचा एक घट्ट बोळा असतो व तोंडाशीं दाबलेल्या तंतूंचें, नमद्यासारखें टोंक. रंगद्रव्य मद्यार्कांत विरघळलेलें असतें. दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याच केशाकर्षणानें तें टोंकापर्यंत येतें. कागदावर आल्यावर मद्यार्क उडून जातो, रंग राहतो. झांकण सैल राहिलें तर हीच क्रिया लेखणीच्या आंत घडते. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतें, तर इथिल मद्यार्क सुमारें ७८ व आयसोप्रोपिल मद्यार्क सुमारें ८२ अंशांस. आणि उकळण्यापूर्वींहि हे द्रव पाण्यापेक्षां पुष्कळ लवकर उडतात. मग एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांवर गेलेल्या आमच्या हवेंत, पत्र्याच्या छपराखालीं, अर्धवट लागलेल्या झांकणाचें काय होणार हें सांगावयास नको. (मद्यार्क हें नांव ऐकून पालकांनीं दचकूं नये. येथें सांगितलेला पदार्थ पिण्याचा नव्हे. पोटांत गेल्यास तो विषारी आहे.)

परंतु वाहन कोणतें, हें ओळखल्यावांचून बाटली उघडूं नये. शाळेंत ज्यांस सरसकट स्केचपेन म्हणतात त्यांत बहुधा पाणी असतें. मद्यार्काच्या मार्करचें झांकण काढतांच दवाखान्यासारखा वास येतो. पण लेखणी अगदींच कोरडी असेल तर वासहि उरत नाहीं. तेव्हां पांढऱ्या बशींत पाण्याचा एक थेंब टाकून त्यांत टोंक क्षणभर धरावें. रंगाचे धागे सुटूं लागले तर ती पाण्याची लेखणी. न सुटल्यास टोंक व बशी पुसून तोच प्रयोग स्पिरिटच्या थेंबावर करावा. आमच्या पाहण्यांत बरेच खटाटोप फसतात ते येथेंच: पाण्याच्या लेखणींत स्पिरिट, किंवा स्पिरिटच्या लेखणींत नळाचें पाणी.

द्रव औषधांच्या दुकानांतून आणावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल शेकडा ९० किंवा त्याहून अधिक शुद्धतेचें असावें. सन २०२० मध्यें घरोघर पोहोंचलेलें सॅनिटायझर या कामास उपयोगी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेल्या कृतींतहि पाणी व ग्लिसरीन आहे, आणि ग्लिसरीन उडून न जातां तंतूंत चिकटून बसतें. सर्जिकल स्पिरिटच्या कांहीं प्रकारांत एरंडेल असतें, त्यानें कागदावर तेलकट डाग पडतो. नखांचा रंग काढण्याचा द्रव तर मुळींच नको. त्यांतील अ‍ॅसिटोन कित्येक प्लास्टिकांस मऊ करून टाकतें. हें काम वडील माणसाच्या देखत, खिडक्या उघडून, आणि चूल, समई, मेणबत्ती यांपासून दूर करावें. आयसोप्रोपिलची वाफ सुमारें १२ अंशांवर, म्हणजे आमच्याकडील थंडीच्या सकाळींसुद्धां, ठिणगीनें पेट घेऊं शकते. धाकट्या भावंडांच्या हातीं बाटली कधींहि देऊं नये.

आतां कृति. चिमट्यानें टोंक अलगद ओढून काढावें. न निघाल्यास जबरदस्ती करूं नये. टोंकावरच थेंब सोडावे. निघाल्यास सुई काढलेल्या पिचकारीनें मोकळ्या भोकांत पांच थेंब सोडावे. सुमारें वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, यावरून हें प्रमाण किती अल्प आहे तें ध्यानांत येईल. टोंक बसवून झांकण लावावें व लेखणी रात्रभर आडवी ठेवावी. सकाळीं रद्दी कागदावर चालवून पाहावी. रेघ कोरडीच उमटली तर आणखी तीन-चार थेंब द्यावे व पुन्हां थांबावें. हें थांबणेंच मुलांस जड जातें. तीं एकदम वीस-पंचवीस थेंब ओततात. मग टोंक गळूं लागतें व तांबड्याचा गुलाबी होतो. योग्य प्रमाण देऊनहि रेघ ओली पण फिकी उमटली, तर रंगद्रव्यच संपलें असें समजावें. तेथें हा इलाज चालत नाहीं. मात्र त्या रंगाची फिकी छटा देण्यास ती लेखणी अजून उपयोगी आहे. पाण्याच्या स्केचपेनला याच रीतीनें पाणी द्यावें, पण बोअरचें जड पाणी नको, कारण त्यांतील क्षार तंतूंत सांचतात. गाडीच्या बॅटरीसाठीं मिळणारें शुद्ध पाणी बरें.

लेखणी चालूं झाली तरी कागद योग्य नसेल तर काम बिघडतें. शाई फुटूं नये म्हणून कागदास खळ व घोटाई लागते, हें मराठवाड्यास नवें नाहीं. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत हातकागदाचा धंदा शतकानुशतकें चालत आला. आपल्याकडे जुन्या हातकागदास खळ देऊन तो दगडानें घोटीत, म्हणजे बोरूची शाई पसरत नसे. परंतु खळ पाण्याला अडविते तशी मद्यार्काला अडवीत नाहीं. म्हणून वहीच्या पानावर मार्कर चालवितांच तो पाठीमागें उमटतो. जाड व गुळगुळीत कार्डशीट घ्यावें आणि त्याखालीं रद्दीचे दोन थर ठेवावे. याच्या मोबदल्यांत एक मोठा लाभ आहे: पाण्याच्या रंगानें कागदाचे तंतु फुगतात व कागद सुरकुततो, मद्यार्कानें तो जवळजवळ सपाटच राहतो. घडी घालून करावयाच्या ताऱ्यास ही गोष्ट किती सोयीची, हें ज्यानें सुरकुतलेल्या कागदाशीं झटापट केली असेल तोच जाणे.

रंग भरतांना एक नियम पाळावा: कडा ओली असतांनाच पुढचा हात पडला पाहिजे. वाळलेल्या कडेवर पुन्हां रंग आला कीं तेथें गडद पट्टा उठतो. म्हणून मोठ्या पृष्ठाचे लहान भाग पाडून, लहान लहान वर्तुळाकार हातांनीं एकेक भाग भरावा. शाई पसरते यास्तव रेखेच्या आंत तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी जागा कोरी सोडावी; ती आपोआप भरते. छटा मिसळावयाच्या तर आधीं फिका, त्यावर एका बाजूनें गडद, आणि दोहोंच्या सांध्यावरून पुन्हां फिका, सर्व ओलें असतांनाच. काळ्या बाह्यरेषा परमनंट मार्करनें आधीं काढल्यास रंगाबरोबर त्या विरघळून पसरतात. त्या शेवटीं काढाव्या. रंगविलेल्या पृष्ठावर स्पिरिटचा एकेक थेंब टाकला तर तो रंगास बाहेर ढकलतो व मध्यें फिकें, कडेला गडद असें फूल उमटतें. ताऱ्याच्या पाकळ्यांवर हीं फुलें फार शोभतात, आणि तीं काढण्यास चित्रकलेचा हात लागत नाहीं.

अशा मार्करांतील रंग बहुधा विद्राव्य असतात, व ते उन्हांत विटतात. अंगणांत महिनाभर टांगावयाचा कंदील या रंगांनीं रंगवूं नये. त्यास रंगीत पतंगी कागदच बरा. शुभेच्छापत्रें, घरांतील तारे, पुस्तकांच्या खुणा यांस मात्र हे रंग वर्षानुवर्षें पुरतात.

गांव सोडण्यापूर्वीं प्रत्येक झांकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावें. दुतोंडी मार्कर आडवे ठेवावे, म्हणजे शाई एकाच टोंकाकडे उतरत नाहीं. पेटी फडक्यांत बांधून, पत्र्यापासून दूर, घरांतील थंड कोनाड्यांत ठेवावी. आणि जीं मुलें मागें आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांनीं महिन्यांतून एकदां ती उघडून झांकणें चांचपून पाहावीं.