मोटारीची टिकटिक

गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ मी मामांची जुनी मोटार डावीकडे वळवली. मागून सायकलवर येणारा मुलगा चाकाखाली यायचाच राहिला! इंडिकेटर मी लावला होता. मात्र त्याची नेहमीची टिकटिक होत नव्हती. पावसाच्या आवाजात मी तिकडे दुर्लक्ष केले.

मामांनी लगेच नवा फ्लॅशर आणला. प्रीमियर पद्मिनीच्या काळातील पुष्कळ मोटारींत असणारी ही इवलीशी डबी म्हणजे पदार्थविज्ञानाचा एक पाठच होय. दोन धातूंची जोडपट्टी विद्युत्प्रवाहाने तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे ती वाकते व मंडल तुटते. निवताच ते पुन्हा जुळते. मिनिटाला ६० ते १२० वेळा हे घडावे लागते. पुढचा व मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टांवर सुमारे ३.५ अँपिअर प्रवाह घेतात. पट्टी तेवढ्याच हिशेबाने बेतलेली असते.

नवा फ्लॅशर बसवला, तरी पुढचा दिवा आपला स्थिरच! अखेर मिस्त्रींनी मागच्या दिव्याची काच काढली. आत बल्ब गेलेला, आणि खोबणीत गंज. प्रवाह निम्मा झाल्याने पट्टी पुरेशी तापतच नव्हती. म्हणजे जुना फ्लॅशर निर्दोष होता. मागचा दिवा गेल्याची वर्दीच तो देत होता.

एलईडी बल्ब लावल्यासही हेच होते, कारण त्यांना प्रवाह फार थोडा लागतो. तेथे मात्र इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हवा. बॅटरीची तार आधी सोडवावी आणि धन-ऋण टोके नीट पाहावीत. कित्येक जुन्या इंग्रजी मोटारींत धन टोकच सांगाड्याला जोडलेले असते.

मामांचा नवा फ्लॅशर अजून कपाटात पडून आहे.