ताईला डॉक्टरांकडे नेण्याआधी

सातारा

चि. सायलीस,


ताईची शुगर आणि बीपी दोन्ही वाढलंय, पुढच्या गुरुवारी फिजिशियनकडे नेणार आहेस म्हणालीस. ओपीडीत नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गेली, म्हणून नीट लिहूनच कळवते. डॉक्टरांना रिपोर्ट दिसतील, पण ताई घरी कशी राहते ते दिसणार नाही. ते तुलाच सांगायचंय.

आदल्या दिवशी तिच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत भर. उशाजवळच्या, देवघराच्या फळीवरच्या, पर्समधल्याही. गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं डायक्लोफिनॅक, कुणी सुचवलेलं चूर्ण, तेही घे. दुखण्यावरची ती गोळी रोज पोटात गेली तर बीपी वाढतं, किडनीलाही त्रास होतो. डॉक्टरांना हे कळलं नाही तर ते बीपीचा डोस वाढवतील आणि कारण तसंच राहील.

"गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारलं की बहुतेक पेशंट "हो" म्हणायचे. डॉक्टर रागावतील ही भीती असते गं. ताईही तेच म्हणेल. तिला चारचौघांत खोटं पाडू नकोस. आधी घरी, चहा पिता पिता विचार, कोणती गोळी चुकते आणि का? एकादशीला सोडते का? पोट बिघडतं म्हणून बंद केली का? मेटफॉर्मिननं अनेकांचं पोट बिघडतं. जेवणाबरोबर घेतली किंवा डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली की बहुधा सोसते. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजू शकतात. असं काही असेल तर सांगितल्यावर औषध बदलून मिळतं. मनानं बंद करणं फार वाईट.

बीपी आजपासूनच रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिही. दवाखान्यात नुसत्या धास्तीनंही ते चढतं, म्हणून घरचे आकडे हवेत. आधी अर्धा तास चहा नको, मिश्री तर नकोच. पाच मिनिटं तिला पाठ टेकून गप्प बसू दे, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांध, बाहीवर नको.

रिपोर्टातल्या एचबीएवनसीला ताई घाबरली असेल. उपाशीपोटीची शुगर त्या सकाळपुरती असते, हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतो. 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह धरतात. पण अंगात रक्त कमी असेल तर तो चुकीचाही येऊ शकतो. ताईचं हिमोग्लोबिन कमी असायचं, हे आवर्जून सांग.

तिला ग्लिमेपिराइड चालू असेल तर उपासाच्या दिवशी काय करायचं ते विचारच. त्या गोळीवर पोट रिकामं राहिलं तर शुगर एकदम उतरते, दरदरून घाम येतो, हात थरथरतात. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

विचारायचे प्रश्न कागदावर लिही, सगळ्यांत महत्त्वाचा पहिला. निघताना दाराशी थांबून "जिना चढताना छातीत भरून येतं" असं सांगणारे पेशंट मी खूप पाहिलेत. ते वाक्य खुर्चीत बसल्या बसल्या यायला हवं. ताईला स्वतःला बोलू दे, तू राहिलेलं जोड. डोळ्यांचा पडदा, पाय, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांची तपासणी दरवर्षी करायची असते. यंदाची कधी, तेही विचार.

रक्त उपाशीपोटी द्यायचं असलं तरी पाणी चालतं. सकाळच्या गोळ्यांपैकी कोणत्या घेऊन यायच्या ते बुधवारीच फोन करून विचार. पोळीभाजीचा डबा बरोबर ठेव, रक्त देऊन झालं की तिला लगेच खाऊ घाल. वहीतले आकडे मला रविवारी फोनवर वाचून दाखव.

तुझी,
मावशी