झोपेचे तुकडे

मनुष्याने चोवीस तासांत एकदाच व सलग निजावे, असा काही सृष्टीचा अटळ नियम नाही. तान्हे मूल दिवसातून अनेक वेळा झोपते. मांजर तर जेव्हा पाहावे तेव्हा डुलकीत. यावरून कित्येक विद्यार्थी असा तर्क बांधतात की, रात्रीची झोप मोडून तिचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे दिवसभर पेरले, तर अभ्यासास चार-पाच तास अधिक मिळतील. परीक्षा जवळ आली की आपल्या बेव्हर्ली पार्कातील इमारतींतून मध्यरात्रीनंतरही दिवे जळत असतात. तेव्हा हा तर्क तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तुकड्यांनी झोपणे ज्यांस खरोखर भाग पडते, असा एक वर्ग म्हणजे एकट्याने समुद्र ओलांडणारे नाविक. आपल्या नौदलातील कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले व गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून, वाटेत चारच बंदरे घेऊन, मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने ती करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात पहारा दुसऱ्यावर सोपवून निजावयाची सोय कोठून असणार? वारा फिरला, शीड फाटले, मोठे जहाज आडवे आले, तर पाहणार कोण? म्हणून एकाकी नाविक घटकाभर डोळा लावतो, उठून क्षितिज न्याहाळतो व पुन्हा आडवा होतो. ही त्याची निरुपायाची व्यवस्था होय. जमिनीवर राहणाऱ्याने ती हौसेने का पत्करावी?

झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ निद्रा अधिक, उत्तरार्धात स्वप्नावस्था अधिक. आणि दिवसा वाचलेले स्मरणात पक्के करण्याचे काम मेंदू याच काळात करतो. वीस मिनिटांच्या डुलकीत मनुष्य प्रायः हलक्या झोपेपलीकडे जात नाही. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञमंडळाने २०२१ साली या विषयावरील संशोधन तपासले, तेव्हा अशा तुकड्यांच्या वेळापत्रकांचा लाभ आढळला नाही, अपाय मात्र आढळले. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी.

तथापि डुलकी त्याज्य नव्हे. आपली वामकुक्षी पुरातन आहे. चरकानेही बालकांस, वृद्धांस व थकलेल्यांस दिवसा निजण्याची मोकळीक दिली आहे, आणि उन्हाळ्यात रात्री लहान म्हणून सर्वांसच. मीरा रोडहून चर्चगेटच्या गाडीत बसावयास जागा मिळालेले पालक बोरिवलीपूर्वीच पेंगू लागतात, तेही योग्यच करतात. (बसावयास मिळणे हीच खरी अडचण!) दुपारी एक ते तीनच्या दरम्यान वीस मिनिटे पुरे, तासभर निजल्यास उठताना अंग जड होते, आणि संध्याकाळी निजल्यास रात्रीची झोप लांबते.

मुलगा वीस मिनिटांनी उठविण्यास सांगून निजला, तर आईने दया येऊन त्यास अधिक झोपू देऊ नये. रात्री दहा वाजता पुस्तक मिटवावयास लावताना मात्र ती दया अवश्य दाखवावी.